पंधरा गिलकी

दहा घ्यायची की पंधरा, हे केसरबाईचं आमलीच्या खोलीतून निघाल्यापासून ठरत नव्हतं, आणि बाजारात आल्यावर तर मुळीच ठरेना. किलवणीहून आलेल्या कमळाबाईच्या पाटीपुढे ती उकिडवी बसली. दहा गिलकी, म्हणजे घोसाळी, मोजून पिशवीत टाकली. मग आणखी पाच उचलली. मग ती पाच परत पाटीत ठेवली. पुन्हा उचलली.

कमळाबाईने हे तीनदा बघून घेतलं आणि मग तिचं डोकं फिरलं. "बाय, घेस का नाय घेस? हात लावून लावून मऊ केलीस सगली."

"घेते ना माय. तू नको कावू."

"मी कुठं कावते? आता गिलकीच कावतील तुला."

सिल्व्हासाचा शनिवारचा बाजार होता. रात्रभर झोडपून पाऊस सकाळी थांबला होता आणि रस्त्याच्या दोन्ही बाजूंना चिखलात पोती, केळीची पानं, प्लास्टिकचे कागद अंथरून बायका बसल्या होत्या. कंटोळी, अळू, टाकळ्याच्या जुड्या, बांबूचे कोंब, सगळं वाट्यावर. तराजूवाले लांब, डांबरी रस्त्याकडे. केसरबाईला या बाजाराची खडान्‌खडा माहिती होती. कोणाची काकडी कडू, कोणाचं अळू खाजरं, ती डोळे मिटून सांगायची. पण आज तिला धड काही दिसत नव्हतं.

उद्या कानबाई होती. खानदेशातल्या माणसाला कानबाई सांगावी लागत नाही. बाकीच्यांनी एवढं समजून घ्यावं, की नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी ही देवी घरात बसते आणि तिच्यापुढे रोट, म्हणजे गव्हाच्या जाड पोळ्या, होतात. रोटांचे गहू आदल्या दिवशी घरातल्या पुरुषांच्या नावाने मोजायचे, एकेकाच्या नावाने सव्वा मूठ. म्हातारा असो की पाळण्यातला, पुरुष म्हटला की त्याची मूठ. बायकांची नाही. बायकांनी दळायचं, मळायचं, भाजायचं. ते रोट घरच्यांनीच संपवायचे, परक्याला तुकडा द्यायचा नाही. आणि भाऊ-भाऊ कायमचे तुटले, की तिकडे एवढंच म्हणतात, त्यांचे रोट वेगळे झाले. शेत वाटलं, घर वाटलं, तरी माणसं एकमेकांच्या दारात जातात. रोट वेगळे झाले की संपलं.

केसरबाईच्या सासरी याशिवाय आणखी एक रीत होती, आणि ती अख्ख्या गावात दुसऱ्या कुणाच्या घरी नव्हती. तिची सासू बायडाबाई देवीच्या भाजीची गिलकीसुद्धा पुरुषांच्या हिशेबाने आणायची. माणशी पाच. तराजूत घालायची नाहीत, भाव करायचा नाही, आणि प्रत्येक गिलक्याच्या टोकाला वाळलेलं फूल चिकटलेलं पाहिजे. फूल गळालेलं गिलकं देवीला चालत नाही असं सासू म्हणायची. देवीला विचारायला कोण गेलं होतं? पण सासू गेली आणि रीत राहिली. देवी थोरल्या मुलाकडे, म्हणजे केसरबाईच्या नवऱ्याकडे, गोकुळकडे आली आणि गोकुळच्या नोकरीमागे सिल्व्हासाला, आमलीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन बसली.

तर घरात पुरुष तीन. गोकुळ, त्यांचा आठ वर्षांचा वाळू, आणि गोकुळचा धाकटा भाऊ झुंबर. तीन पंचे पंधरा. इथपर्यंत बाजार सोपा होता.

अवघड झालं ते दोन दिवाळ्यांपूर्वी. गोकुळ ज्या दोऱ्याच्या कारखान्यात होता तिथेच त्याने झुंबरला चिकटवलं होतं. एकदा पहिल्या पाळीत झुंबरला मशीनवर डुलकी लागली आणि दोऱ्याचा सगळा लॉट गुंतून वाया गेला. सुपरवायझर ओरडायच्या आधी गोकुळ धावत आला आणि त्याने सगळ्या खात्यासमोर भावाच्या थोबाडीत मारली. कशाला मारली, तर सुपरवायझरने दोघांना काढू नये म्हणून. हे झुंबरला कळलं नाही, आणि गोकुळने सांगितलं नाही. त्या संध्याकाळी झुंबर खोलीवर आला, पत्र्याची पेटी उचलली आणि गेला. सूरतला गेला म्हणे. पत्र नाही, निरोप नाही.

झुंबर आठ वर्षांचा होता तेव्हा केसरबाई त्या घरात सून म्हणून आली. त्याच्या डोक्यातल्या उवा काढल्या, त्याच्या चड्डीला ठिगळं लावली, गोकुळ मारायला उठला की त्याला पाठीमागे घातलं. कारखान्यात मात्र पाठीमागे घालायला ती नव्हती. तिला तो दीर वाटतच नव्हता, पहिला मुलगाच वाटायचा, आणि हे ती कुणाला सांगत बसली नव्हती.

गेल्या श्रावणात गहू मोजताना तिने दोन मुठी घेतल्या आणि तिसरीला हात घातला, तर गोकुळ म्हणाला, "दोनच. ज्याले घर नही पाह्यजे, त्यानी मूठबी नही." तिने हात मागे घेतला. वर्षभर तो हात तिला खात होता. मेलेल्या माणसाची मूठ घेत नाहीत. जिवंत माणसाची मूठ बंद करणं तिने कधी ऐकलं नव्हतं. आज सकाळी पिशवी घेऊन निघताना गोकुळ पुन्हा तेच म्हणाला, पाठमोरा, दाढी करता करता. "दहाच आन."

नवऱ्याने दहा सांगितली होती. हात पंधरांवर जात होता. कमळाबाईच्या पाटीपुढे बसून ती जे करत होती ते हे होतं.

शेवटी तिने दहा पिशवीत ठेवली आणि पैसे काढायला कमरेची पिशवी सोडली. आणि तेव्हा तिच्या एक गोष्ट लक्षात आली, जी आल्या आल्या यायला हवी होती. पाटीतल्या झाडून सगळ्या गिलक्यांना फुलं होती. दरवर्षी फुलाच्या गिलक्यांसाठी तिला दहा पाट्या उलथ्यापालथ्या कराव्या लागायच्या, कारण इथल्या बायका तोडतानाच फूल झटकून टाकतात. आज सगळी फुलं शाबूत.

"कमळाबाई, फुलं कशी गं ठेवलीस यंदा?"

"एक जण सांगून गेलता मागल्या शनवारी. फुला पाडू नको, मी येतंय, मला लागतात. येडाच हाय. गेल्या सालापण आलता. भाव करत नाय, काटा लावू देत नाय. एक एक मोजून घेते नि फूल पडलं तं परत ठेवते." कमळाबाई हसली. "तुझ्यासारखाच."

केसरबाईने कमरेची पिशवी पुन्हा खोचली. "किती घेतली त्याने?"

"आता?"

"आता. आज."

"पंधरा."

भाव न करणारे पुष्कळ असतात. फुलाचा हट्ट धरणारा एखादा निघेल. पण फुलासकट, काट्याविना, मोजून पंधरा घेणारा माणूस या पृथ्वीवर एकच असू शकत होता. आणि तो गेल्या वर्षीही इथेच आला होता! ती या बाजारातून दहा घेऊन गेली, आणि तो पंधरा. केसरबाई उठून उभी राहिली.

"कसा दिसतो? उंच? भुवईवर वण?"

"वण मी कुठं बघत बसू? उंच हाय. लाल भोपला कुठं मिलंल विचारत होता."

"कधी गेला?"

"तू आली नि तो गेला."

हे ऐकल्यावर केसरबाईने दहाची दहा गिलकी पाटीत ओतली. "ठेव, येते मी," म्हणाली आणि सुटली. कमळाबाई मागून काहीतरी बोलली, ते बरं नसावं.

लाल भोपळा, म्हणजे तिच्या भाषेत गंगाफळ, तेही कानबाईलाच लागतं. गंगाफळवाला बाजाराच्या दुसऱ्या टोकाला. मधे सुक्या मासळीची ओळ, मधे मडकी, मधे कुणीतरी सोडलेली बकरी. एरवी वाकून, जपून, लुगडं सावरून जाणारी ही बाई आज वाट्यांवरून ढांगा टाकत निघाली. एकीच्या कंटोळ्यांच्या वाट्याला तिचा पाय लागला आणि हिरवी कंटोळी चिखलात घरंगळली. "माफ कर गं माय," म्हणत तिने चार उचलून दिली, बाकीची तशीच टाकून पुढे गेली. जे उंच डोकं दिसेल त्याकडे तिची मान वळत होती. एका निळ्या शर्टाच्या मागे ती मडक्यांपर्यंत गेली, खांद्याला हात लावला आणि "झुंबर" म्हणाली. मिशीवाला अनोळखी माणूस वळला. तिने त्याच्यापुढे हात जोडले आणि मागे फिरली.

गंगाफळवाला भय्या होता. त्याने सांगितलं, हो, एक लंबा आदमी आया था, छोटा वाला पूरा लेके गया, कटा हुआ नहीं चाहिए बोला. देवीला कापलेलं चालत नाही. अजून कसली खात्री हवी होती? किधर गया? भय्याने हनुवटीने नारळवाल्याकडे दाखवलं.

आणि तिथे तो तिला दिसलाही. पाठमोरा. खांद्यावर गंगाफळ, हातात पिशवी, उजवा पाय किंचित बाहेर टाकत चालण्याची तीच ढब. मधे फार तर चाळीस पावलं असतील. केसरबाईने तोंड उघडलं, आणि कुणीतरी तिचा कोपर धरला.

"अहो केसरबाई! बऱ्या भेटलात."

मंगलाबाई होत्या. वाळूच्या शाळेतल्या बाई, मूळच्या रत्नागिरीकडच्या, स्वभावाने सोन्यासारख्या आणि बोलायला लागल्या की शाळेची घंटाच त्यांना थांबवू शकते.

"वाळूबद्दल बोलायचंच होतं तुमच्याशी. पाढे कसे घडाघडा म्हणतो हो! पण लिहायला सांगितलं की पेन्सिल वहीला टेकत नाही. घरी तुम्ही रोज एक पान शुद्धलेखन..."

"हो बाई, करते बाई," केसरबाई म्हणाली. तिची नजर मंगलाबाईंच्या खांद्यावरून पलीकडे. नारळवाल्याने नारळ कानाशी हलवला. झुंबरने मान डोलावली.

"आणि घोसाळी तुम्ही कशी करता? आमच्याकडे आपली भजी. कमळाबाईकडे आज इतकी छान आहेत, पण फुलंच फुलं, मी म्हटलं हे काय..."

"बाई, मी उद्या शाळेत येते."

"उद्या रविवार."

"मग परवा येते!" केसरबाई इतक्या जोरात ओरडली की मंगलाबाईंनी कोपर सोडला. शिक्षिकेवर ओरडायची तिची ही पहिलीच वेळ. तिला तेवढ्यातही लाज वाटली, पण लाजेला द्यायला वेळ नव्हता. ती वळून पळाली. नारळवाल्यापुढे आता एक म्हातारा उभा होता. तो उंच माणूस कुठे गेला, तिने विचारलं.

"नरोलीना टेम्पामां," नारळवाल्याने सांगितलं.

नरोली! सूरत नव्हे, मुंबई नव्हे, नरोली. टेम्पोत बसलं की कपड्याची घडी मोडायच्या आत येणारं नरोली. केसरबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. इतके दिवस ती सूरतेकडून येणाऱ्या प्रत्येक माणसाला विचारत होती, आमच्या झुंबरला पाहिलं का, आणि हा इथे, हाकेच्या अंतरावर! आता सापडला की आधी त्याला एक ठेवून द्यायची असं ठरवत ती टेम्पोच्या थांब्याकडे गेली. आणि थांब्यावर पोचली तेव्हा तिला रडू फुटलं होतं.

टेम्पो भरत होता. मागच्या फळीवर, गंगाफळ मांडीत घेऊन, तो बसला होता.

"झुंबर!"

त्याने पाहिलं. आधी उठला, मग बसला, मग पुन्हा उठला आणि खाली उतरला. वाकून तिच्या पाया पडला. चिखलात, पिशवीसकट. वीस-बावीस वर्षांचा गडी, पण गालफडं बसलेली, शर्टाची कॉलर गळ्यापासून लांब उभी.

"कोठे व्हता रे तू? बठ्ठा म्हनेत सूरतले गया."

"नरोलीले शे, वहिनी. पायपाना कारखानामा. दीड वरीस व्हयनं."

"दीड वरीस नरोलीले! आनि घर नही दिसनं तुले?"

"घर दिसस." झुंबर गंगाफळाकडे बघत म्हणाला. "पन दादानी घरमा मारं असतं ना वहिनी, ते काही नही. लहानपनपासून खाधं. बठ्ठा कामगारस्ना मोरे मारं त्यानी. आनि मंग कोनी बलावालेबी उनं नही."

त्याला कुणी बोलवायला गेलं नव्हतं, हे खरं होतं. गोकुळ म्हणायचा, गेला तो आपल्या पायाने, येईल तर आपल्या पायाने. भाऊ बसला बोलावण्याची वाट बघत, आणि गोकुळ बसला येण्याची वाट बघत. दोघे एका आईचे, दुसरं काय होणार?

टेम्पोवाल्याने भोंगा वाजवला. अजून तीन जागा रिकाम्या होत्या, त्यामुळे तो नुसताच वाजवत होता.

"पंधरा गिलका कोनाकरता लिधात?" केसरबाईने विचारलं. उत्तर तिला माहीत होतं. तरी तिला ते ऐकायचं होतं.

"तिन्ही जनस्ना. दादा, वाळू नि मी." मग तो थोडा हसला, लाजल्यासारखा. "देवी नही मांडस मी. आपला एक नारळ ठेवस डबावर. पुरन काही जमत नही माले. रोट मातर तिन्ही जनस्ना करस. गेल्या साले करात, वहिनी, एखलानी खाधात. चार दिन. खोलीवरना पोरे हसेत, म्हनेत हमको भी दे. आते त्यास्ले कशा देवाना? चौथा दिन पोट इतलं दुखनं!"

केसरबाईला ते सगळं समोर दिसलं. नरोलीतली खोली, परमुलखातले चार पोरगे, आणि त्यांच्याकडे पाठ करून तीन माणसांचे रोट चार दिवस चावणारा हा. दादाच्या वाटणीचा तुकडा, वाळूच्या वाटणीचा तुकडा, शिळा, कडक झालेला, पण टाकायचा नाही म्हणून पाण्याच्या घोटाबरोबर उतरवणारा. तिच्या घरात त्या चार दिवसांत याचं नावसुद्धा कुणी काढलं नव्हतं.

आणि मग त्याने तेच विचारलं, जे विचारू नये म्हणून ती मनातल्या मनात देवीला विनवत होती.

"तुम्हीनबी मनी मूठ लिधी व्हती ना, वहिनी? गेल्या साले?"

हो म्हणायला काय लागत होतं? एक शब्द. त्याला बरं वाटलं असतं, तो हसत टेम्पोत बसला असता, आणि तिने आज गुपचूप तिसरी मूठ घेतली असती तर खोटं खरंही झालं असतं. तिच्या ओठावर तो शब्द आला. पण उद्या देवी बसणार होती, आणि आज ती देवीच्या बाजाराला निघालेली होती, आणि समोर जो उभा होता त्याच्याशी ती आयुष्यात खोटं बोलली नव्हती.

"नही," केसरबाई म्हणाली. "नही लिधी."

झुंबरने गंगाफळ फळीवर ठेवलं आणि पिशवीत हात घातला. गिलकी त्याने पाच-पाचच्या तीन जुड्यांत बांधली होती, केळीच्या सोपटाने, आईसारखीच दुहेरी गाठ मारून. त्यातल्या दोन जुड्या काढून त्याने केसरबाईच्या पिशवीत घातल्या, फुलं मोडणार नाहीत अशा बेताने.

"हाई दादाना नि हाई वाळूना. तुम्हीन त्यास्ना करा. मी मना करी लिसू." आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. "वेगळा त वेगळा, वहिनी. आते माले समजनं."

तो फळीवर चढला. टेम्पो भरला होता.

केसरबाई पिशवी धरून उभी राहिली. गोकुळने सांगितलेली बरोब्बर दहा गिलकी तिच्या हातात होती. भाव न करता, काटा न लावता मिळालेली. तिला वाटलं आपण इथेच चिखलात बसावं आणि हंबरडा फोडावा. दोन भावांच्या रोटांची वाटणी झाली होती, आणि ती झाली होती तिच्या पिशवीत, तिच्या तोंडच्या एका शब्दाने. इंजिन सुरू झालं. फळी थरथरायला लागली. आणि केसरबाईचं डोकं एकदम पेटलं. गोकुळवर, झुंबरवर, मेलेल्या सासूवर, स्वतःवर, सगळ्यांवर एकदम.

तिने फळी दोन्ही हातांनी धरली. "ए! थांब रे!" टेम्पोवाल्यावर ती अशी ओरडली की त्याने पाय काढला. मग झुंबरकडे वळली.

"मूठ कोनी ऱ्हास रे? सांग माले. तुना दादानी? त्यानी आजलगून एक तरी मूठ भरी का? नाव तुम्हनं, नि मूठ मनी! तुनी माय गई तैपासून मनी मूठ शे. मी नही लिधी गेल्या साले. दादानी नही, मी नही लिधी. मी भ्याई गऊ. आते नही भ्यात."

टेम्पोतली माणसं ऐकत होती. निम्म्यांना भाषा कळत नव्हती, पण बाई संतापली आहे एवढं कळायला भाषा लागत नाही.

"दे ती पाचबी."

"वहिनी, दादा..."

"दादाले मी देखी लिसू. दे."

झुंबर बसूनच राहिला. कुणीतरी हिंदीत म्हणालं, अरे दे दे भाई, गाडी जाने दे. टेम्पोवाल्याने पुन्हा पाय दिला. गाडी एक हिसका देऊन पुढे सरकली, आणि केसरबाई फळी न सोडता तिच्याबरोबर चार पावलं चालली. तेव्हा झुंबरने पिशवीतून तिसरी जुडी काढली आणि वाकून तिच्या हातात दिली.

"उद्या दुपारले ये," ती धापा टाकत म्हणाली. "आपला पायवर ये नाहीतर मना पायवर ये, पन ये."

त्याने हो म्हटलं की नाही, हे इंजिनाच्या आवाजात तिला कळलं नाही.

ती आमलीला पोचली तेव्हा दोन वाजायला आले होते. गोकुळची दुपारची पाळी तीनची. तो डबा भरून दाराशी बसला होता, गव्हाचं सूप पुढ्यात, कारण मोजणी पुरुषासमोर व्हावी लागते. "इतला उशीर?" म्हणाला. तिने उत्तर दिलं नाही. पाय धुतले, देवीच्या कोनाड्यापुढे पिशवी उपडी केली. तीन जुड्या. नवऱ्याकडे न बघता ती सुपापुढे बसली.

"गोकुळ," ती मोठ्याने म्हणाली. नवऱ्याचं नाव बाईने वर्षातून एकदा, या एका कामापुरतं घ्यायचं असतं. सव्वा मूठ गहू ताटात पडले. "वाळू." सव्वा मूठ.

मग तिने सुपात तिसऱ्यांदा हात घातला. या वेळी तिने तो मागे घेतला नाही. गोकुळ काही बोलेल म्हणून ती थांबलीसुद्धा नाही. "झुंबर," ती म्हणाली, आणि मूठ ताटावर उघडली.

बाहेर शेजारची गुड्डी नळावर कुणाशीतरी भांडत होती. गोकुळने हात लांब करून गिलक्यांची एक जुडी उचलली. सोपटाची गाठ बोटाने चाचपली. ती अशी मारणारा आता जगात एकच उरला होता, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? केसरबाई मान खाली घालून वाट बघत राहिली. ओरडला तर काय बोलायचं, फेकली तर काय करायचं, सगळं तिने रस्ताभर ठरवत आणलं होतं.

"बारीक व्हयना का तो?" गोकुळने विचारलं.

"हो," केसरबाई म्हणाली. तिसऱ्या मुठीवरची पाव मूठ अजून घालायची राहिली होती. ती तिने चांगली भरून घातली.